हिशेब जुळला, पण कोणाचा? परीक्षेऐवजी सूत्राने श्रेणी देण्याबद्दल

शाळेच्या मूल्यमापन समितीवर काम करणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न आहे. वार्षिक परीक्षा बंद करून मुलांचे आधीचे गुण आणि शाळेचे मागचे निकाल यांच्यावरून संगणकाने श्रेणी काढल्या, तर ते न्याय्य होईल का? निदान माणसाचा पक्षपात तरी टळेल ना? आणि इंग्लंडने २०२० साली हेच केलं तेव्हा एवढा गदारोळ का झाला?

बाई, मी बरीच वर्षं निकाल लावण्याच्या कामात आहे. कच्चे गुण, मॉडरेशन (म्हणजे दिलेल्या गुणांची फेरतपासणी करून ते एका पातळीवर आणणं), श्रेणींच्या सीमारेषा, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज हेच माझं रोजचं काम. त्यामुळे माझं मत आधीच सांगतो. अशा सूत्राने संपूर्ण शाळेचा, अगदी देशाचाही निकाल ठाकठीक दिसू शकतो. एकेका मुलाची श्रेणी बरोबर येईल याची खात्री नसते. आणि ती चुकली, तर चुकली हे दाखवायला त्या मुलाच्या हातात काहीही उरत नाही. माझा खरा आक्षेप या शेवटच्या गोष्टीवर आहे.

इंग्लंडपासूनच सुरू करू, कारण तिथलं सूत्र बरंच विचारपूर्वक बनवलेलं होतं. ते मूर्ख माणसांनी घाईत लिहिलं, असं समजलं तर आपण काहीच शिकणार नाही.

कोरोनाच्या साथीमुळे १८ मार्च २०२० ला तिथले शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी परीक्षा रद्द केल्या. ऑफक्वाल ही तिथली परीक्षांवर देखरेख ठेवणारी संस्था. मंत्र्यांनी तिला दिलेल्या निर्देशाचा मथितार्थ असा होता: मुलांना श्रेणी द्या, पण श्रेणींची एकूण वाटणी मागच्या वर्षांसारखीच राहू द्या. पुढे जे घडलं त्याचं मूळ या निर्देशात आहे. त्यातला जोर एकूण वाटणीवर होता, एकेका मुलाचं काय होतं यावर नव्हता.

शाळांकडून प्रत्येक विषयासाठी दोन गोष्टी मागवल्या गेल्या. परीक्षा झाली असती तर मुलाला कोणती श्रेणी मिळाली असती, हा शिक्षकांचा अंदाज. आणि त्या विषयातल्या सगळ्या मुलांची क्रमवारी. क्रमवारीत बरोबरी चालणार नव्हती. दोन मुलं अगदी सारखी असली तरी एकाला सातवं आणि दुसऱ्याला आठवं ठरवायचंच. मग ए-लेव्हलच्या (म्हणजे आपल्या बारावीसारख्या शेवटच्या शालेय परीक्षेच्या) सूत्राने त्या शाळेचे त्या विषयातले २०१७ ते २०१९ या तीन वर्षांचे निकाल घेतले. आताची तुकडी सोळाव्या वर्षी दिलेल्या जीसीएसई परीक्षेत आधीच्या तुकड्यांपेक्षा सरस होती की कमी, ते बघून त्यात थोडी दुरुस्ती केली. त्यातून शाळेला किती ए, किती बी, किती सी मिळणार याची खुर्च्यांसारखी मांडणी झाली, आणि मुलांना क्रमवारीने त्या खुर्च्यांवर बसवलं गेलं. एका विषयात पंधराहून जास्त मुलं असतील, तर शिक्षकांनी लिहिलेली श्रेणी या हिशेबात धरलीच गेली नाही. फक्त क्रमवारी धरली. कित्येक शिक्षकांना हे निकालाच्या तोंडावर कळलं.

आता कागद-पेन घ्या. रसायनशास्त्राचा वीस मुलांचा वर्ग धरा. मागच्या तीन वर्षांत या शाळेतून साठ मुलं बसली होती. सर्वोच्च श्रेणी, म्हणजे ए स्टार, एकालाही मिळाली नाही. ए सहा जणांना, म्हणजे दहा टक्के. तिघं नापास, म्हणजे पाच टक्के. ही टक्केवारी वीसवर उतरवा: ए दोघांना, नापास एक, ए स्टार शून्य. (खऱ्या सूत्रात आणखी पायऱ्या होत्या, पण गाभा हाच.) वर्गात पहिली आलेली मुलगी घ्या. तिच्या शिक्षकांनी ए स्टार लिहिलंय, आणि ते खरंही आहे. पण त्या शाळेत ए स्टारची खुर्चीच नाही, तेव्हा ती ए वर बसणार. आता विसावा मुलगा घ्या. शिक्षकांना ठाऊक आहे की तो रडतखडत का होईना, पास झाला असता. पण या शाळेतून दरवर्षी कोणीतरी एक नापास होतो असं आकडे सांगतात, आणि या वर्षी ती खुर्ची त्याच्या वाट्याला आली. त्याने काही चूक केलेली नाही. त्याच्या आधी शाळा सोडून गेलेल्या, त्याने कधी न पाहिलेल्या तीन मुलांनी त्याची श्रेणी ठरवली.

‘पण जीसीएसईच्या गुणांची दुरुस्ती होती ना?’ असं तुम्ही विचाराल. होती, पण तुकडीच्या सरासरीवर. त्या मुलीचे जीसीएसईचे गुण कितीही झळाळते असले, तरी वीस जणांच्या सरासरीत तिचा वाटा एक विसांश. तिच्या हुशारीने सगळ्या खुर्च्या कणभर वर सरकतात, आणि त्याचा फायदा अकराव्या नंबरच्या मुलालाही होऊ शकतो. तिला स्वतःला मात्र कदाचित काहीच मिळत नाही.

क्रमवारीबद्दलही अनुभवाचं एक सांगतो. एकदा दोन शिक्षकांना मी एकाच वर्गाची क्रमवारी वेगवेगळी लिहायला दिली होती. दोघांनाही ती मुलं वर्षभर शिकवून पाठ. वरच्या चार-पाच जणांवर एकमत, तळाच्या चार-पाच जणांवर एकमत. मधल्या मुलांची नावं मात्र पत्ते पिसावेत तशी इकडची तिकडे. त्यातले एक सर हसून म्हणाले, ‘अहो, नववा आणि चौदावा यांच्यात खरंच काही फरक नाहीये, तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं.’ सूत्र नेमकं याच नवव्या-चौदाव्याच्या फरकावर एखाद्याला बी आणि एखाद्याला सी देतं, आणि वर ते दशांशापर्यंत अचूक असल्यासारखं दिसतं. ऑफक्वालने २०१९ च्या आकड्यांवर सूत्र तपासून पाहिलं होतं, पण शिक्षकांची क्रमवारी त्या वर्षी कोणी घेतलीच नव्हती. म्हणून प्रत्यक्ष परीक्षेत लागलेली क्रमवारीच वापरली गेली. अर्धं उत्तर आधीच हातात ठेवून केलेली तपासणी ती, आणि तिच्यातही कितीतरी श्रेणी चुकल्या होत्या.

१३ ऑगस्टला निकाल लागला. इंग्लंडमध्ये ३९.१ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या. बहुतेक एका पायरीने, ३.३ टक्के दोन पायऱ्यांनी आणि ०.२ टक्के तीन पायऱ्यांनी. हे ०.२ ऐकायला किरकोळ वाटतं. पण एकूण श्रेणी सात लाखांच्या घरात होत्या, तेव्हा ते हजाराच्या वर जातं. तीन पायऱ्या म्हणजे बी वरून थेट ई. आणि तरीही एकूण निकाल बघा: ए किंवा ए स्टारचं प्रमाण २०१९ मध्ये २५.२ टक्के होतं, ते २७.६ झालं. म्हणजे मंत्र्यांनी सांगितलं होतं ते जवळपास तंतोतंत पाळलं गेलं. पुढे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्याला ‘म्युटंट अल्गोरिदम’, म्हणजे विकृत झालेलं सूत्र, म्हणून सगळं खापर सूत्रावर फोडलं. मला ते पटत नाही. सूत्र बिघडलं नव्हतं. ते आज्ञाधारक निघालं, म्हणून तर घोटाळा झाला.

आता पक्षपाताचं. सूत्राला मुलाचं आडनाव माहीत नसतं, त्याची जात, वर्ण, वडिलांचा धंदा काही माहीत नसतं, म्हणून ते निःपक्षपाती, असा समज असतो. इंग्लंडच्या सूत्रात एक अगदी निरुपद्रवी नियम होता. विषयाला पाच किंवा कमी मुलं असतील, तर इतक्या थोड्या मुलांवर सांख्यिकी चालत नाही, म्हणून शिक्षकांची श्रेणी जशीच्या तशी ठेवायची. सहा ते पंधरा असतील तर शिक्षकांची श्रेणी आणि सूत्राची श्रेणी यांचा मेळ घालायचा. सांख्यिकीच्या दृष्टीने नियम चोख आहे, मीही हाच लिहिला असता. पण शिक्षकांचे अंदाज सहसा उदार असतात, आणि पाच-सात मुलांचे वर्ग परवडतात ते भरपूर फी घेणाऱ्या खासगी शाळांना. निकाल काय आला? खासगी शाळांमध्ये ए आणि त्यावरच्या श्रेणींचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा ४.७ टक्केबिंदूंनी वाढलं, सर्वांसाठी खुल्या सरकारी शाळांमध्ये २ ने, आणि सोळा वर्षांपुढच्या मुलांच्या मोठ्या कॉलेजांमध्ये अवघं ०.३. सूत्रात ‘श्रीमंत’ हा शब्द कुठेही नव्हता. वर्गाचा आकार होता, आणि तेवढा पुरला.

स्कॉटलंडमध्ये आठवडाभर आधी हेच झालं होतं. तिथे सर्वांत वंचित वस्त्यांमधल्या मुलांचं हायर या तिथल्या शालान्त परीक्षेतलं उत्तीर्णतेचं प्रमाण शिक्षकांच्या अंदाजापेक्षा १५.२ टक्केबिंदूंनी खाली आणलं गेलं, सर्वांत सुस्थित वस्त्यांमध्ये ६.९ ने. तिथल्या सरकारने ११ ऑगस्टला माघार घेतली. एवढं डोळ्यांसमोर घडूनही इंग्लंडने दोन दिवसांनी आपला निकाल लावलाच.

इथे कोणीतरी म्हणेल की परीक्षाही काही सोन्याची नाही. बरोबर आहे, आणि हे मी पोटतिडकीने मान्य करतो, कारण आम्ही हे आतून बघतो. ऑफक्वालनेच २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणितात मुलाला ‘खरी’ श्रेणी मिळण्याची शक्यता ९६ टक्के होती, इतिहासात ५६ आणि इंग्रजी भाषा-साहित्यात ५२. म्हणजे निबंधाचा पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे गेला असता तर श्रेणी बदलण्याची शक्यता जवळजवळ नाणेफेकीइतकी. गोंधळानंतर ऑफक्वालचा कारभार तात्पुरता हाती घेतलेल्या ग्लेनिस स्टेसी यांनी संसदीय समितीपुढे सांगितलं, की परीक्षेतल्या श्रेणी एक पायरी इकडे किंवा तिकडे एवढ्याच विश्वासार्ह असतात.

मग फरक काय राहिला? चुका दोन्हीकडे आहेत, पण त्या पडतात कुणावर ते बघा. परीक्षकाचा हात कडक असणं, पेपरात नेमका न वाचलेला धडा येणं, ही गारपीट आहे. कुणाच्याही शेतात पडते, आणि पुढच्या पेपरला दुसऱ्याच्या. सूत्राची चूक कुणावर पडणार हे मी निकालाआधी तुम्हाला नाव-पत्त्यासह सांगू शकतो: यथातथा निकालाच्या शाळेतलं हुशार मूल. चांगल्या शाळेतल्या कच्च्या मुलाला तेच सूत्र अलगद उचलून धरतं. दोन्ही पद्धतींच्या चुकांची बेरीज उद्या सारखी निघाली, तरी मी पहिलीच निवडेन.

दुसरा फरक उत्तरपत्रिकेचा. परीक्षेत कमी गुण मिळाले तर मूल उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवतं, प्रश्न तीन ब तपासायचाच राहिलाय म्हणून बोट ठेवतं, आणि आम्हाला खाली मान घालून गुण वाढवावे लागतात. हे माझ्या बाबतीतही घडलंय. सूत्रात बोट कशावर ठेवणार? ‘मी सातवी नाही, पाचवी आहे’ याला पुरावा काय? इंग्लंडमध्ये सुरुवातीला अपील फक्त शाळेला करता येत होतं, आणि तेही मुख्यतः माहिती भरताना चूक झाली असेल तर किंवा मागच्या निकालांचे आकडे या वर्षाला लागू पडत नसतील तर. १५ ऑगस्टला सराव परीक्षेच्या गुणांवर अपील कसं करायचं याचे नियम जाहीर झाले, आणि त्याच संध्याकाळी काही तासांत मागे घेतले गेले. सूत्राचा ३१९ पानी तांत्रिक अहवाल बाहेर आला तोही निकालाच्याच दिवशी. त्याआधी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने आपले दोन तज्ज्ञ मदतीला देऊ केले होते. पण त्यांच्यापुढे गोपनीयतेचा असा करार ठेवला गेला, की तो त्यांना मंजूर होण्यासारखा नव्हता. चार परके डोळे एप्रिल-मेमध्ये फिरले असते, तर विसाव्या खुर्चीवरचा मुलगा तेव्हाच दिसला असता.

वेल्सचं उदाहरण इथे मुद्दाम सांगतो. तिथेही सूत्र होतं, पण अकरावीसारख्या वर्षात दिलेल्या एएस परीक्षेचे गुण ए-लेव्हलमध्ये धरायची पद्धत त्यांनी सोडली नव्हती. त्यामुळे १२ ऑगस्टला तिथलं सरकार मुलांना हमी देऊ शकलं की तुमची अंतिम श्रेणी एएसच्या श्रेणीखाली जाणार नाही. इंग्लंडने २०१५ पासून एएस वेगळी काढून सगळं वजन शेवटच्या परीक्षेवर टाकलं होतं. परीक्षा गेली, आणि मुलाच्या स्वतःच्या हातचं काहीच हिशेबात धरण्याजोगं उरलं नाही. त्याची किंमत पाच वर्षांनी कळली.

१७ ऑगस्टला इंग्लंडनेही माघार घेतली आणि शिक्षकांची श्रेणी मान्य केली. ए आणि त्यावरचं प्रमाण ३८ टक्क्यांवर गेलं. पुढच्या वर्षी, पूर्णपणे शिक्षकांच्या मूल्यमापनावर, ४४.३ टक्के. यावरून शिक्षक खोटारडे असा निष्कर्ष लोक काढतात. तो चुकीचा आहे. समजा दहा मुलं बी च्या काठावर आहेत आणि प्रत्येकाला बी मिळण्याची शक्यता साठ टक्के आहे. प्रत्येकाचा प्रामाणिक अंदाज बी असाच येणार, आणि शिक्षिका दहाही जणांपुढे बी लिहिणार. परीक्षेत सहा जणांना बी मिळतं. चार जणांची त्या दिवशी गाडी घसरते. कोणत्या चार जणांची, हे त्या बाईंना आधी कसं कळावं? दहापैकी एकही अंदाज लबाडीचा नाही, तरी निकाल फुगतो. म्हणून मॉडरेशन लागतंच. ‘शिक्षकांवर विश्वास ठेवा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला मी देणार नाही.

आपल्याकडे २०२१ मध्ये काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. सीबीएसईने बारावीसाठी दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीतल्या अंतर्गत परीक्षांचे ४० टक्के धरले. सर्वोच्च न्यायालयाने १७ जूनला ते मान्य केलं. पाया मुलाच्या स्वतःच्या गुणांचा होता, हे इंग्लंडपेक्षा नक्कीच बरं. पण वरून शाळेच्या इतिहासाचं झाकण होतंच. मागच्या तीन वर्षांतलं शाळेचं सर्वोत्तम वर्ष संदर्भ धरायचं, विषयाचे गुण त्या वर्षीच्या पाच गुण वर-खाली या पट्ट्यात बसवायचे, आणि सगळ्या विषयांची मिळून सरासरी दोनपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही. ज्या शाळेत त्या वर्षी खरोखरच चांगली बॅच होती, तिथे शिक्षकांनी रात्र-रात्र बसून मुलांचे एक-दोन गुण कापले असणार. निकाल ९९.३७ टक्के लागला, आदल्या वर्षी ८८.७८ होता. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीला नववीचे ५० आणि दहावीतल्या अंतर्गत लेखी व तोंडी-प्रात्यक्षिकाचे ५० धरले गेले, निकाल ९९.९५ टक्के. त्यात मला खटकलं ते वेगळंच. नववीची परीक्षा दिली तेव्हा त्या मुलांना कल्पनाही नव्हती की तिचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेत येणार आहेत. डाव संपल्यावर कळलं की मागचा डावही मोजला जाणार होता.

आयर्लंडचं एका वाक्यात सांगतो, कारण समितीत हमखास कोणीतरी ‘संगणक चुकत नाही’ म्हणणार. तिथे इंग्लंडची फजिती बघून शाळेचा इतिहास सूत्रातून काढून टाकला, आणि तरीही निकालानंतर कळलं की मुलाचे आधीच्या परीक्षेतले दोन सर्वोत्तम विषय घ्यायचे होते तिथे प्रोग्रॅमने दोन सर्वांत कमकुवत घेतले होते. सहा हजारांवर मुलांची श्रेणी कमी लागली होती.

आता तुमच्या समितीचं. सूत्र वापराच, पण त्याला कात्री देऊ नका, घंटा द्या. म्हणजे एखाद्या वर्गाचा निकाल मागच्या वर्षांपेक्षा फारच वेगळा आला तर सूत्राने ओरडावं. मग बाहेरच्या विषयशिक्षकाने त्या वर्गातले दहा-बारा पेपर प्रत्यक्ष उघडून बघावेत, आणि गुण हलवायचे तर ते बघितल्यावर हलवावेत. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या अक्षरातलं, देखरेखीखाली लिहिलेलं काहीतरी तुमच्या कपाटात असलं पाहिजे. वर्षात तीन छोट्या लेखी चाचण्या पुरतात. त्या मोजल्या जाणार हे जूनमध्ये सांगा, मार्चमध्ये नाही. शाळेचा किंवा तुकडीचा जुना निकाल एकेका मुलाच्या श्रेणीत मिसळू नका. यावर मी तडजोड करणार नाही. काठावरच्या मुलांना वरची श्रेणी द्या आणि निकाल थोडा फुगेल हे आधीच मान्य करा.

आणि ठराव मंजूर करायच्या आधी एक काम करा, दोन दुपारी जातील. मागच्या वर्षीची परीक्षा झालेली आहे, उत्तरपत्रिका बहुधा अजून रद्दीत गेल्या नसतील. तुमचं प्रस्तावित सूत्र त्या मुलांवर चालवा. प्रत्यक्ष निकालापेक्षा ज्यांची श्रेणी दोन पायऱ्यांनी हलली त्यांची नावं काढा, आणि सरासरी किती चुकली हे विचारू नका, नावं वाचा. वर्गशिक्षकांना बोलवा, एकेका नावाचा पेपर काढून समोर ठेवा. घसरलेल्या नावांत नव्याने दाखल झालेली, आजारपणाने मागचं वर्ष बुडालेली, उशिरा सूर गवसलेली मुलंच पुन्हा पुन्हा दिसायला लागली, तर ती यादी ठरावाला जोडा आणि मगच मतदान घ्या.